आधी शाळा, मग घर

लग्नाला चार-पाच वर्षं झालेली, मूल अडीच-तीन वर्षांचं, दोघांच्या नोकऱ्या मुंबईत आणि घर भाड्याचं. अशा मराठी कुटुंबाचा स्वतःच्या घराचा शोध आज ठाण्याच्या अलीकडे क्वचितच संपतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. गिरगाव, परळ, लालबाग, दादरच्या चाळींतून बाहेर पडलेली मराठी कुटुंबं पुढे याच रुळांच्या काठाने सरकत गेली. आधी ठाणे, मग डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ आणि आता बदलापूर, वांगणी. सीएसएमटीपासून डोंबिवली साधारण ४८ किलोमीटर, कल्याण ५४, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८. जितकं पुढे जावं तितकी त्याच कर्जात जरा मोठी जागा मिळते. वन बीएचकेचं टू बीएचके होतं, मुलाला त्याची खोली मिळते.

या शोधात पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्टेशनपासून किती? दुसरा हप्त्याचा. तिसरा पाण्याचा. शाळेचा प्रश्न निघतो तो बहुधा टोकन देऊन झाल्यावर, कधी कधी तर ताबा मिळाल्यावर. मग जवळच्या शाळेत जागा नसते, जिथे जागा असते ती दोन पूल ओलांडून असते, आणि तीन-चार वर्षांचं मूल सकाळी अंधारात बसची वाट बघत उभं राहतं.

हा क्रमच उलटा आहे. लहान मूल असलेल्या घराने आधी शाळा ठरवावी आणि तिच्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांच्या आत घर शोधावं. स्टेशन थोडं लांब पडलं तर पडू द्यावं. तानाजीने जसं आधी कोंढाण्याचं लगीन लावलं, तसं या घरांनी आधी शाळेचं पाहावं.

याचं कारण भावनेत नाही, घड्याळात आहे. डोंबिवलीहून फास्ट गाडीने सीएसएमटीला तासाहून जास्त वेळ लागतो, बदलापूरहून जवळजवळ दीड तास. घरापासून फलाटापर्यंतची रिक्षा आणि उतरल्यावरची बस धरली, की जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास सहज जातात. त्या प्रवासाची अवस्था कशी आहे, ते ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दिसलं. भरलेल्या लोकलमधून माणसं खाली पडली आणि मेली. मोठ्यांनी हा प्रवास पत्करलेला असतो, दुसरा इलाज नसतो म्हणून. त्यात मुलाचेही दोन तास बसमध्ये घातले, तर सोमवार ते शुक्रवार ते कुटुंब जागेपणी एकत्र असतं ते जेमतेम जेवणापुरतं.

त्यात २०२४च्या फेब्रुवारीत शासनाने निर्णय काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप पूर्ण व्हावी हा हेतू, आणि तो योग्यच आहे. पण आई-बाबांची गाडी साडेसात-आठची असते. ते निघाल्यापासून शाळा भरेपर्यंतचा तास कोण सांभाळणार? शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत मूल कुठे असणार? सून-मुलगा नोकरीला आणि आजी-आजोबा घरी, अशी घरं या गावांमध्ये पुष्कळ आहेत, आणि या शहरांचा सगळा दिनक्रम खरं तर त्यांच्या गुडघ्यांवर उभा आहे. पासष्टीच्या आजीला नातवाला चालत सोडून परत येता आलं पाहिजे. आजी-आजोबा नसतील तर शाळेच्या वाटेवरचं पाळणाघर पाहिलं पाहिजे. शाळेतून मुलाला आणणारी, जेवू घालणारी, पावसात सुट्टी जाहीर झाली तरी दार उघडं ठेवणारी पाळणाघरवाली मावशी मिळाली, तर त्या घराचा निम्मा प्रश्न सुटतो. घराच्या शोधात तिची चौकशी बिल्डरच्या चौकशीइतकीच बारकाईने व्हायला हवी.

डोंबिवली पूर्वेच्या जुन्या भागात शाळा सुटण्याच्या वेळी एखाद्या फाटकाशी उभं राहून पाहावं. टिळकनगर, रामनगर, फडके रोडच्या आजूबाजूच्या गल्ल्या अरुंद, इमारती जुन्या, पार्किंगच्या नावाने बोंब. घंटा व्हायच्या आधीपासून आजोबा मंडळी छत्री टेकून उभी असतात. रिक्षावाले काका आपापली पोरं मोजून घेतात, एखादं कमी भरलं की पुन्हा आत जाऊन नाव पुकारतात. नातवाचं दप्तर आजोबांच्या पाठीवर जातं, पाण्याची बाटली त्यांच्या गळ्यात. चौथीतली ताई बालवाडीतल्या भावाचं मनगट घट्ट धरून चालते, हात नव्हे, मनगट. पहिल्या गल्लीत घोळका असतो, दुसऱ्या वळणावर तो निम्मा होतो, आणि पुढे दोन-दोन, तीन-तीन पोरं गप्पा मारत आपापल्या जिन्यात शिरतात. थोड्या वेळाने बाईही बाहेर पडतात, कोपऱ्यावर भाजी घेतात, आणि तिथेच एखादी आई त्यांना गाठून मुलाच्या अक्षराबद्दल विचारते. बाई मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता उत्तर देतात. पालकसभेत पंधरा मिनिटांत न होणारं काम त्या दोन मिनिटांत होतं.

हे असं सगळीकडे होत नाही. जिथे शाळा, शिक्षक आणि पालक एकाच वस्तीत राहतात, तिथेच होतं. डोंबिवलीतल्या जुन्या शाळा गावातल्याच माणसांच्या संस्थांनी उभ्या केल्या. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ साली याच गावात सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रभर पसरली. २०१७ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथेच झालं. ग्रंथालयं आहेत, नाट्यगृह आहे, गाण्याचे आणि गणिताचे क्लास आहेत. मुलाच्या वाढीत शाळेबाहेरच्या या गोष्टींचा वाटा फार मोठा असतो, आणि त्या कुठल्याही प्रकल्पाच्या माहितीपत्रकात नसतात.

कल्याण-शिळ रस्त्याच्या बाजूच्या नव्या वसाहतींचं चित्र वेगळं आहे. रुंद रस्ते, मैदानं, वसाहतीच्या आतच शाळा. आत राहणाऱ्यांना ही सोय चांगली आहे, मूल सायकलवरही जाऊ शकतं. पण शाळा एकच असेल आणि ती मुलाला मानवली नाही, तर दुसरी लांब असते. फी वाढली तरी तेच. म्हणून शाळा पाहताना एक आवडती आणि एक पर्यायी, अशा दोन शाळा चालण्याच्या अंतरात आहेत का, ते पाहावं.

बस लावावीच लागली, तर राज्याची २०११ ची स्कूलबस नियमावली पालकांना माहीत हवी. बसमध्ये महिला मदतनीस हवी, वेगमर्यादा पाळणारं यंत्र हवं, आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी. तिच्यात पालकांचे प्रतिनिधी असतात. ती समिती शेवटची कधी बसली, एवढं कार्यालयात विचारावं. उत्तर देताना कारकून गोंधळला, तर बसचा विचार दोनदा करावा.

आता शाळा पारखायची कशी. पालकांमध्ये सगळा वेळ जातो तो बोर्डाच्या चर्चेत. सीबीएसई की एसएससी, की आयसीएसई. माझ्या मते चौथीपर्यंतच्या मुलाला बोर्डाने फारसा फरक पडत नाही, वर्गावरच्या बाईंनी पडतो. शाळेत गेल्यावर विचारायचं ते हे, की पहिलीला शिकवणाऱ्या बाई या शाळेत किती वर्षं आहेत. दरवर्षी जिथे शिक्षक बदलतात, तिथला निकाल कितीही चमकदार असो, लहान मुलाला तिथे रुजायला वेळ लागतो. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घातलं आहे. वर्गात डोकावून बाकं मोजली की खरं काय ते कळतं. मुलांची स्वच्छतागृहं स्वतः पाहावीत, पाहू देत नसतील तर तेही उत्तरच आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम १३ प्रत्येक पालकाने वाचायला हवं. प्रवेशासाठी देणगी मागता येत नाही, आणि मुलाची किंवा पालकांची मुलाखत, चाचणी घेऊन निवड करता येत नाही. चाचणी घेतली तर पहिल्या वेळी २५ हजार रुपये दंड आहे, पुढे प्रत्येक वेळी ५० हजार. तरीही तीन वर्षांच्या मुलाला रंग आणि आकार विचारणाऱ्या 'गप्पा' चालतात. पालक घाबरून गप्प बसतात. घाबरू नये. मान्यता नसलेली शाळा चालवणं हाही गुन्हा आहे, त्याला एक लाखापर्यंत दंड आहे, आणि तरी गल्लीबोळातल्या बंगल्यांत अशा शाळा निघतात. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर करतो, त्या पाहाव्यात. मान्यताप्राप्त शाळेला अकरा आकडी यूडायस क्रमांक असतो, महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. तो मागावा. मान्यता कितवीपर्यंत आहे तेही विचारावं, नाहीतर चौथीनंतर पुन्हा सगळी धावपळ.

फीबद्दल राज्याचा २०११ चा कायदा आहे. पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती, जी सोडतीने निवडायची असते, तिच्या मान्यतेशिवाय फी ठरत नाही. आजच्या पालकांना भेटून विचारलं, की सोडत खरोखर होते का, तर शाळेची नियत कळते.

ज्यांचं उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत आहे किंवा जे वंचित घटकांत मोडतात, त्यांना शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांत २५ टक्के जागांवर हक्क आहे. या कुटुंबांसाठी घर कुठे आहे यावरच सगळं ठरतं. आधी एक किलोमीटरच्या आतली मुलं, मग तीन किलोमीटरपर्यंतची. अर्ज भरताना नकाशावर आपल्या घराची खूण अचूक लावावी लागते, ती चुकली तर पडताळणीत प्रवेश हातचा जातो. भाड्याने राहणाऱ्यांचा करार नोंदणीकृत लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने नियम बदलून, ज्यांच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे अशा खाजगी शाळांना यातून सूट दिली होती. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. न्यायालयाने हे केलं नसतं, तर शहरांतल्या बहुतेक गरीब मुलांना हे फाटक बंदच झालं असतं.

माध्यमाबद्दल मला स्पष्टच लिहायचं आहे. ज्या घरात मराठी बोलली जाते, त्या घरातल्या मुलाने निदान प्राथमिक शाळा मराठीत करावी. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे पाचवीपर्यंत मातृभाषेचाच आग्रह धरतं. पालकांची भीती मला समजते. ते स्वतः नोकरीत इंग्रजीपायी मागे पडलेले असतात आणि मुलावर ती वेळ येऊ नये असं त्यांना वाटतं. पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी-इंग्रजीचे वर्ग डोंबिवलीपासून बदलापूरपर्यंतच्या अनेक मराठी शाळांत आहेत. ज्या आजीने नातवाचा अभ्यास घ्यायचा, तिला ज्या भाषेत तो घेता येतो त्या भाषेची शाळा पाहावी. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला, म्हणजे जुन्या ठाणे जिल्ह्यातच, बालशिक्षणाचा पाया मुलांच्या बोलीवर घातला. त्या मातीतल्या पालकांनी तीन वर्षांच्या पोराशी मोडक्या इंग्रजीत बोलावं, याचं वाईट वाटतं.

सुरक्षेचा विषय टाळता येणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि लोकल तासन्‌तास बंद राहिल्या. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ते शहर वाईट, असा अर्थ त्यातून काढणं अन्यायाचं होईल. रुळांवर बसलेले आई-बापही त्याच शहरातले होते. पण शाळा निवडताना काही प्रश्न आता न लाजता विचारायलाच हवेत. लहान मुलींना स्वच्छतागृहात कोण नेतं? कंत्राटी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का? कॅमेरे चालू आहेत का आणि त्यांचं चित्रण कोण पाहतं? मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी. तिच्या सदस्यांची नावं फलकावर आहेत का? पॉक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा कळूनही न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे मुख्याध्यापकांना ठाऊक आहे का? चांगल्या शाळेला हे प्रश्न खटकत नाहीत.

शाळा ठरली. आता घर, आणि इथे कुटुंबाची सगळी पुंजी पणाला असते.

१९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. बांधकाम व्यावसायिकांनी महापालिकेची बांधकाम परवानगी बनावट तयार केली, ती महारेराला सादर केली आणि नोंदणी क्रमांक मिळवले. घेणाऱ्यांनी महारेराचा क्रमांक पाहिला होता, बँकांनी कर्जं दिली होती, नोंदणी कार्यालयात दस्त झाले होते. एका वास्तुविशारदाने जनहित याचिका केली नसती, तर हे कदाचित बाहेरच आलं नसतं. या इमारतींमधली कुटुंबं अशीच नोकरदार, लहान मुलं असलेली. घराचे हप्ते चालू आणि घरावर हातोडा. नालासोपाऱ्यात २०२५ च्या सुरुवातीला ४१ इमारती पाडल्या गेल्या, तिथली मुलं परीक्षेच्या तोंडावर बेघर झाली.

यातून घेणाऱ्याने काय करायचं? महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प उघडावा, ताब्याची तारीख, दावे आणि परवानग्यांचे कागद पाहावेत. हे तर करायचंच, पण तिथे थांबायचं नाही. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत छापून घ्यावी, तिच्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जावं आणि ही परवानगी तुमच्याच कार्यालयातून गेली आहे का, असं विचारावं. तोंडी उत्तर मिळालं नाही तर दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करावा, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. महिनाभरात घर हातचं जाईल म्हणून एजंट घाई करेल. जाऊ द्यावं. सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक वकिलाकडून तीस वर्षं मागपर्यंत तपासून घ्यावं. तयार इमारतीत घर घेत असाल तर भोगवटा प्रमाणपत्राशिवाय पाऊल टाकू नये. सोसायटीचं अभिहस्तांतरण झालं आहे का ते विचारावं. रेरा कायद्याने नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि भाव चटई क्षेत्रावर ठरायला हवा. घर बायकोच्या नावे घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती घ्यावी, आणि केवळ सवलतीसाठी म्हणून नव्हे.

कागदांनंतर जमीन. बदलापूरला उल्हास नदी वळसा घेऊन जाते. २६ जुलै २००५ ला तिने काय केलं ते तिथल्या जुन्या रहिवाशांना विचारावं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हजाराच्या वर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं. पाटबंधारे खात्याच्या पूररेषा आहेत. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. प्लॉट या रेषांच्या कुठे आहे, हे घर घेणाऱ्याला कळायलाच हवं. डोंबिवलीत एमआयडीसीच्या बाजूला राहायचं तर रसायनांचा विचार करावा. २०१४ साली तिथे हिरव्या रंगाचा पाऊस पडला, २०२० साली रस्ता गुलाबी झाला. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ च्या स्फोटांत दोन्ही वेळा दहाहून अधिक माणसं गेली, दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. दोन्ही वेळा मे महिना होता, मुलांना सुट्टी होती. कारखान्यांच्या भिंतीला लागून असलेली शाळा कितीही चांगली असली, तरी मी तिथे मूल घालणार नाही.

पाण्याचं सत्य वॉचमन सांगतो. टँकर आठवड्याला किती येतात, मे महिन्यात किती, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये आहेत की वेगळे. कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांच्या पट्ट्यात, जिथे नवी बांधकामं झपाट्याने झाली, तिथे हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा.

एवढं सगळं करूनही वस्ती आपल्याला मानवेल की नाही, हे बाहेरून कळत नाही. म्हणून पहिल्या वर्षी त्याच भागात भाड्याने राहावं. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार करावा, नोंदवून घ्यावा. एक पावसाळा, एक उन्हाळा आणि शाळेचं एक वर्ष त्यात निघतं. भाडं वाया गेलं असं वडीलधारे म्हणतील. वीस वर्षांच्या कर्जापुढे अकरा महिन्यांचं भाडं ही फार थोडी रक्कम आहे, आणि शाळा पटली नाही तर बिऱ्हाड हलवता येतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बालवर्गाचे अर्ज निघू लागतात. राज्यात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मूल तीन वर्षांचं होत असेल तर बालवर्ग, सहा वर्षांचं होत असेल तर पहिली, हा हिशोब आजच करून ठेवा. शाळा उघडल्या की रविवारच्या साइट व्हिजिटऐवजी एक कामाचा दिवस रजा काढा. मुलाला आणि त्याच्या आजीला बरोबर घ्या, शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभे राहा, बाहेर पडणाऱ्या पालकांशी बोला, आणि तिथून, पाहायला ठेवलेल्या घरापर्यंत त्या दोघांच्या चालीने चालत जा. वाटेत आजीला रिक्षा करावीशी वाटली, तर ते घर घेऊ नका.